पत्त्यासकट प्रार्थना

माझे वडील देवाला सगळं पत्त्यासकट सांगत. ‘प्रभो, आमच्या शेळीला सांभाळ’ एवढ्यावर त्यांचं भागत नसे. तांबडी शेळी, डाव्या कानाला चीर, काल संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या बाभळींतून चुकली, हे सगळं ते डोळे मिटून, शाळेत हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात सांगत. आई म्हणायची, “आवं, त्यानंच केलीय ना ती शेळी? मग त्याला कान कशाला दाखवताय?”

बाबा शांतपणे म्हणायचे, “त्याला ठाऊक आहे गं. पण मला नेमकं काय हवंय हे मला ठाऊक आहे का, ते तो बघतो.”

शेळी बहुतेक वेळा सापडायची. नाही सापडली तर बाबा त्याबद्दलही आभार मानत, आणि त्या दिवशी आई भाकऱ्या जरा जोरात थापायची.

माझे आजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. बाबा सातवीच्या फायनलपर्यंत शिकले आणि सातारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कृष्णाकाठच्या एका गावात मिशनच्या शाळेवर मास्तर झाले. मी सांगलीला बोर्डिंगात राहून शिकले आणि पुढे बी. ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. हे सगळं बाबांच्या देवावरच्या भरवशावर झालं आणि त्याबद्दल मी जन्मभर कृतज्ञ आहे. पण त्याच भरवशानं एकदा आमच्या उंबऱ्यावर काय आणून ठेवलं, तेही सांगायला हवं. नावं मात्र मी कुणाचीच घेणार नाही. ते आमच्या घरचं वळण आहे, आणि ते वळण कसं पडलं, हेच मला सांगायचं आहे.

आमचं घर गावाच्या कडेला, दोन खणांचं. त्याला एकच खिडकी होती आणि ती बोळात उघडायची. बोळ ओढ्याकडे जायचा, त्यामुळे पहाटे तांब्या घेऊन निघालेली निम्मी पुरुषमंडळी आमच्या खिडकीवरून जायची. युद्ध चालू होतं. रॉकेल मिळेनासं झालं होतं. बाबांनी सकाळच्या उपासनेला कंदील लावणं बंद केलं. फटफटायला लागलं की खिडकी उघडायची, तिच्या उजेडात शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक भाग वाचायचा आणि तिथंच गुडघे टेकून प्रार्थना करायची, असा क्रम सुरू झाला.

शेजारी एक विधवा बाई राहायच्या. मी त्यांना काकी म्हणायचे. उसाचा मळा, दोन बैल, दोन मुलगे. थोरला पलटणीत होता, दूर कुठंतरी लढाईवर. त्याची बरेच दिवस काही खबर नव्हती, तेव्हा काकी पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. पुढच्या दारानं नाही, गोठ्याकडून. आमच्या घरचं पाणी त्यांना चालत नसे, प्रार्थना चालत असे. बाबांनी थोरल्याचं नाव, पलटण, सगळं देवाला सांगितलं. पुढं तो सुखरूप असल्याचं कळलं. काकींनी गुळाची एक ढेप आमच्या ओट्यावर ठेवली आणि तेव्हापासून त्यांचा बाबांच्या प्रार्थनेवर विश्वास बसला. बाबांच्या देवावर किती बसला होता ते सांगता येत नाही.

धाकटा कऱ्हाडला शिकत होता. तो चळवळीत शिरला आणि भूमिगत झाला. त्याला धरायला पोलिसांची एक तुकडी येऊन गावच्या चावडीत मुक्कामाला राहिली होती. एक भाऊ सरकारसाठी लढत होता आणि दुसऱ्याला सरकार शोधत होतं. काकी दोघांसाठीही झुरत होत्या.

त्या हिवाळ्यात मी हिवतापानं आजारी पडून बोर्डिंगातून घरी आले होते. माझं अंथरूण खिडकीखालीच होतं. त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं आहे.

एका संध्याकाळी काकी गोठ्याकडून आल्या आणि उंबऱ्याशी बसून हळू आवाजात म्हणाल्या, “गुरुजी, धाकटा आलाय. मळ्यात गुऱ्हाळाच्या मागं पाचटात निजतो. थंडी लय हाय, खोकतोय. तेवढं तुमच्या त्येला सांगा.”

“सांगतो,” बाबा म्हणाले.

“दुसऱ्या कुणाला न्हाई. मी, माझा दीर आन् आता तुमी. तिघांनाच म्हाईत हाय.”

“काकी, मी देवाशिवाय कुणाला काय सांगणार?”

दुसऱ्या दिवशी उजाडताना बाबांनी त्यांचा शब्द पाळला. त्यांनी फक्त देवालाच सांगितलं. मुलाचं नाव घेतलं, आईचं सांगितलं. ओढ्याकडचा मळा, गुऱ्हाळाच्या मागची बाजू, पाचटाचा ढीग, रात्रीची थंडी, छातीतला खोकला, काहीही सोडलं नाही. प्रार्थना चालू असतानाच आईनं डोळे उघडले. माझे आधीच उघडे होते, म्हणून मला ते दिसलं. ‘आमेन’ होताच ती म्हणाली, “एवढं मोठ्यानं कशाला? मनात म्हणा की.”

“मनात म्हणायला लागलो की माझं लक्ष भाकरीकडं जातं,” बाबा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

थोड्याच दिवसांनी पहाटे पोलीस मळ्यात गेले आणि धाकट्याला पाचटातून उठवून घेऊन गेले. पोलिसांनी दुसऱ्या एकाही मळ्यात डोकं घातलं नाही, ते सरळ गुऱ्हाळाच्या मागं गेले. गावानं नेमकं हेच हेरलं. म्हणजे कुणीतरी सांगितलं होतं. आणि काकींच्या सांगण्यावरून ठाऊक तर तिघांनाच होतं. काकी, त्याची सख्खी आई, सांगणार नाही. दीर सांगणार नाही, असं गाव म्हणत होतं. माझी आई मात्र म्हणायची, “का न्हाई? थोरला लढाईवर. धाकटा पुतण्या गेला तर मळा कुणाचा?” ती पाण्याला गेली तरी त्या दिराकडं डोळे बारीक करून बघत यायची.

गावाला आईच्या या तर्काची गरज नव्हती. आम्ही साहेबाच्या देवाची माणसं. शिवाय चावडीतल्या हवालदाराला हिवताप आला तेव्हा बाबांनी मिशनकडून आलेल्या क्विनाइनच्या गोळ्या त्याला नेऊन दिल्या होत्या, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. शाळेत मुलं येईनाशी झाली. पहिल्यांदा मोठी, मग बारकी. बाबा रिकाम्या बाकांसमोर फळा पुसून बसून राहायचे. दुकानदार आमच्या आधीच्या माणसाला मीठ द्यायचा आणि आमची पाळी आली की म्हणायचा, “संपलं, गुरुजी.” आई ओढ्यावर गेली की धुणं धुणाऱ्या बायकांचं बोलणं थांबायचं.

मग एका सकाळी आईनं दार उघडलं आणि तिथंच उभी राहिली. उंबऱ्यावर बैलाच्या खुराला ठोकतात तसली लोखंडी पत्री ठेवलेली होती. चळवळीतली माणसं खबऱ्यांच्या तळपायांचं काय करतात, याच्या गोष्टी तेव्हा आमच्या भागात गावोगाव ऐकू येत होत्या. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आईनं ती पत्री पदरात उचलून चुलीमागं लपवली. “मिरजेला जाऊ,” ती म्हणाली. मिरजेला माझी मावशी एका दवाखान्यात आया होती. “आजच्या गाडीनं जाऊ. पोरीला दाखवायचं निमित्त हाय.”

“आज पळालो तर जन्मभर खबऱ्याच राहीन,” बाबा म्हणाले. “मी सांगितलं नाही. देव साक्षी आहे.”

“देवाची साक्ष चालती व्हय या गावात?”

“निदान ती खिडकी तरी लावून घ्या,” आई पुढं म्हणाली. त्यावर बाबा म्हणाले, “आता लावली तर म्हणतील, यांच्याकडं लपवण्यासारखं आहे.”

मी अंथरुणावरून हे ऐकत होते. ताप उतरला होता, पण डोक्यातले विचार थांबत नव्हते. बाबा गोळ्या द्यायला चावडीत गेले होते तेव्हा बराच वेळ तिथं होते. काय बोलत होते? बाबा खोटं बोलत नाहीत, हे मला माहीत होतं. पण विचारलं तर सांगतीलच, हेही माहीत होतं. हवालदारानं सहज विचारलं असेल तर? हा विचार मनात आला आणि मी बाबांच्या हातची पेज पिताना त्यांच्या तोंडाकडं बघेनाशी झाले. ज्यांच्या भरवशावर आमचं घर उभं होतं, त्यांच्यावरचाच भरवसा उडू लागला होता.

त्याच सुमारास समोरच्या पडीक तुकड्यात मेंढ्या येऊन बसल्या. हिवाळ्यात पूर्वेच्या दुष्काळी भागातले मेंढके आमच्याकडे उतरतातच, शेतकरी खतासाठी त्यांना शेतात बसवून घेतात. पण हे बसले होते ते कुणाच्या शेतात नाही, आमच्या खिडकीसमोर. एक म्हातारा आणि एक तरणा. म्हातारा सगळं काम करायचा. तरणा घोंगडं पांघरून आमच्याकडं तोंड करून बसायचा.

“ह्यो मेंढका न्हाई,” आईनं दुसऱ्याच दिवशी निकाल दिला.

“कशावरून?”

“कोकरू बघा कसं उचलतोय. दप्तर उचलल्यावानी.”

आता तो पोलिसांचा होता की चळवळीचा, यावर आईला झोप लागेना. पोलिसांचा असेल तर बाबांच्या तोंडून आणखी काही निघायची वाट बघत असणार. चळवळीचा असेल तर ती पत्री त्यानंच ठेवली असणार. बाबांनी दोन्ही शक्यता ऐकून घेतल्या आणि सकाळी खिडकी उघडून, गुडघे टेकून नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. तुरुंगातल्या धाकट्यासाठी मागितलं. काकींसाठी मागितलं. लढाईवरच्या थोरल्यासाठी मागितलं. चावडीतल्या हवालदाराच्या तापासाठीसुद्धा मागितलं, तेव्हा आईनं कपाळावर हात मारला. आणि शेवटी, “प्रभो, समोर मेंढरांपाशी बसलेल्या त्या माणसाला, तो मेंढपाळ असो वा नसो, थंडी वाजते आहे. घोंगडं जुनं आहे. त्याची काळजी घे.”

आईनं त्यांना चिमटा काढला. मी उशीत तोंड घालून हसले. हसू ओसरल्यावर मात्र भीती वाटली. त्या दिवशी तो माणूस आमच्या खिडकीकडं बराच वेळ बघत बसला होता.

काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी, प्रार्थना नुकतीच संपली होती, तो दारात उभा राहिला. हातात खापर होतं.

“विस्तव घेऊ का जरा, मास्तरीणबाई?”

आईनं चुलीतले दोन निखारे त्याच्या खापरात टाकले. तो निघाला नाही. बाबांकडं वळून म्हणाला, “गुरुजी, एक इचारू? तुमच्या देवाला ऐकायला कमी येतं का वो?”

“का?” बाबांनी विचारलं.

“न्हाई, तुमी एवढं वरडून सांगताय म्हणून म्हणलं. मी तिथं मेंढरांत बसतोय, मला तुमच्या शेळीचा कान बी पाठ झालाय.” तो उंबऱ्याच्या बाहेर उकिडवा बसला. “तुमी खबऱ्या न्हाई, एवढं मला कळलं. मी त्येच बघायला बसलोतो. पर खबर तुमच्या हितनंच गेली.”

“माझ्या घरातून?”

“ह्या खिडकीतनं. त्यो हवालदार रोज तांब्या घेऊन हितनं जातोय. खिडकीपाशी आला की त्येच्या पायतानात काटा जातो. रोज. तुमचं आमेन झालं की काटा निघतो आन् मग फुडं जातो. आज बी तेच. बगायचं असंल तर उद्या बगा.”

आई चुलीपाशी खाली बसली. बाबा खिडकीकडं बघत होते, जणू ती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

“मी आमच्या लोकांस्नी सांगतो, गुरुजींकडून काय न्हाई,” तो उठत म्हणाला. “पर कसं झालं ते गावात बोलू नका. त्यो कान लावून हिंडतोय ते आमाला म्हाईत हाय, हे हवालदाराला कळाया नको, आमाला बी त्येचा उपयोग हाय. खिडकी तेवढी लावत जावा गड्या.” आणि बाबांना ‘गड्या’ म्हटल्याचं लक्षात येऊन जरा ओशाळला. दोन दिवसांनी मेंढरं गेली. चुलीमागची पत्री आईनं खुरपं करायला लोहाराकडं टाकली. शाळेत बारकी मुलं परत आली, मग मोठी.

आईला वाटलं, संपलं. बाबांनी मात्र त्या दिवशी सदरा घातला आणि पागोटं बांधलं.

“कुठं?”

“काकींकडं.”

“सुटलात ना? त्यो म्हणाला, बोलू नका. मग?”

“गावासमोर सुटलो,” बाबा म्हणाले. “त्यांच्यासमोर कुठं सुटलोय?”

मी त्यांच्या मागून काकींच्या कुडापर्यंत गेले. काकी अंगणात कडबा तोडत होत्या. बाबांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, प्रार्थना, खिडकी, हवालदाराचा काटा. स्वतःला वाचवणारा एक शब्दही त्यात नव्हता. काकींनी कोयता खाली ठेवला नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “म्या माझं लेकरू तुमच्या देवाच्या हातात दिलंतं, गुरुजी. तुमी हवालदाराच्या हातात दिलं.”

“होय,” बाबा म्हणाले.

“जावा आता.”

त्यानंतर काकी आमच्याशी बोलल्या नाहीत. गोठ्याकडच्या वाटेवर त्यांनी काटेरी बोराट्या लावून घेतल्या.

मला वाटलं होतं, बाबा आता प्रार्थना सोडतील. त्यांनी मनातल्या मनात करून पाहिली. खिडकी लावून अंधारात बसायचे, मान हलवायचे आणि थोड्या वेळानं उठायचे. एकदा खिडकीची कडी लावता लावता म्हणाले, “भरवसा त्याच्यावर ठेवायचा, बरोबर. पण राखण करायचं कामसुद्धा मी त्याच्यावरच टाकलं. ही कडी लावणं माझं काम होतं.” ते माझ्याशी बोलले की स्वतःशी, मला कळलं नाही. पण बाबांवरचा उडालेला माझा भरवसा त्या क्षणी परत आला.

अंधारात शास्त्र वाचता येईना, रॉकेल तर नव्हतंच. शेवटी खिडकी पुन्हा उघडली, पण नावं गेली. बाबा म्हणू लागले, “प्रभो, एक आई आहे. तिचा एक मुलगा आहे. कुठं आहे ते तुला माहीत.” मिशनची जुनी माणसं प्रार्थनेला आली तर त्यांना ते विचित्र वाटायचं, कोडं घातल्यासारखं. मी सांगलीला परत गेले. बोर्डिंगात मुली एकमेकींची नावं घेऊन मोकळेपणी प्रार्थना करत, आणि माझ्या तोंडून मात्र ‘एक मुलगी आहे’ एवढंच निघायचं. पुढं कॉलेजात गेले तरी तेच. आजही कुणी प्रार्थनेत नाव घेतलं की माझी नजर आधी खिडकीकडं जाते.

युद्ध संपलं. थोरला पलटणीतून परत आला. मग धाकटाही तुरुंगातून सुटला. गावानं त्याला वाजतगाजत आणलं, पण माणूस निम्मा झाला होता आणि खोकला तसाच होता. आम्ही मिरवणूक आमच्या ओट्यावरून पाहिली. बाबा पुढं गेले नाहीत.

मी सुट्टीत घरी होते तेव्हाची गोष्ट. उजाडत होतं, बाबा शास्त्र मिटून गुडघे टेकत होते, तेवढ्यात पुढच्या दारात काकी येऊन उभ्या राहिल्या. या वेळी गोठ्याकडून नाही. उंबऱ्यावर बसल्या. किती वर्षांनी बोलतोय, याचा काही उल्लेख नाही.

“धाकट्याला मिरजेला न्यायचाय. छातीचं कायतरी म्हणत्यात. उद्या जायचंय.”

“सांगतो,” बाबा म्हणाले.

“आता सांगा. म्या बसते.”

बाबांनी डोळे मिटले. “प्रभो, एक आई आहे. तिचा एक मुलगा आहे. तो आजारी—”

“आवं गुरुजी, असं मोघम काय बोलताय?” काकींनी मध्येच थांबवलं. “मिरजेच्या दवाखान्यात माझ्यासारख्या लय आया पोरं घिऊन येत असतील. त्येला कळायचं कसं, ह्यो कुणाचा? नाव घ्या की.”

बाबांनी डोळे उघडून आईकडं पाहिलं. आई उठली. तिनं खिडकीतून वाकून बोळात दोन्ही बाजूंना पाहिलं. मग खिडकी लावली, कडी घातली, ओढून पाहिली. काकींना जरा आत सरकायला सांगून पुढचं दारही लोटून घेतलं. खोलीत अंधार झाला.

“घ्या आता,” आई म्हणाली.

आणि बाबांनी नाव घेतलं, आधी अडखळत, मग हळूहळू त्यांच्या जुन्या आवाजात. मुलाचं, बापाचं, गावाचं. खोकला कधीपासून आहे, कुठल्या कुशीवर झोपला की वाढतो, उद्या कुठल्या गाडीनं निघणार, सगळं. मध्ये एकदा काकींनी दुरुस्तीही केली.

“डावी न्हाई, उजवी कूस.”

“उजवी कूस, प्रभो,” बाबा म्हणाले.